परराज्यातील जुने वाहन आणि त्यावरील बोजा

बेळगावच्या कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहिले, की आपल्या शहराचा भूगोल वाहनांच्या पाट्यांवर वाचता येतो. केए-२२ ही तर घरचीच पाटी. पण तिच्या जोडीला कोल्हापूरची एमएच-०९, सिंधुदुर्गची एमएच-०७ आणि चोर्ला घाट चढून आलेली गोव्याची जीए-०३ या पाट्याही तितक्याच सहजतेने दिसतात. आपली सोयरीक, आपले रुग्ण, मुलांची शिक्षणे आणि व्यापारउदीम तीन राज्यांत पसरलेला असल्यामुळे वाहनांची देवघेवही तीन राज्यांत होत राहते. 'गोव्याची गाडी आहे, फारशी फिरलेली नाही, एका डॉक्टरांचीच आहे,' एवढी शिफारस आपल्याला पुरेशी वाटते. गाडीचे इंजिन मेकॅनिककडून तपासून घेण्याची दक्षता आपण घेतो; परंतु त्या गाडीवर कोणाचे कर्ज आहे का, ही तपासणी मात्र बहुधा विक्रेत्याच्या शब्दावर सोडून देतो.

या स्मरणिकेसाठी माझ्याकडून बालकांचे लसीकरण, पोषण अशा विषयांवरील लेखाची अपेक्षा असते. या वेळी विषय बदलला आहे, त्याला कारण आहे. आपल्या संघटनेने फिरत्या बालदवाखान्यासाठी शेजारच्या राज्यातील एका रुग्णालयाकडून जुने वाहन घेतले, तेव्हा त्या समितीत काम करण्याची संधी मला मिळाली. त्यानिमित्ताने मोटार वाहन कायद्याची पाने चाळावी लागली, बँकांचे उंबरठे झिजवावे लागले आणि जाणकार वकील व आर.टी.ओ. कचेरीतील अनुभवी मंडळी यांच्याकडून बरेच शिकता आले. ते सभासदांच्या व इतर वाचकांच्याही उपयोगी पडावे, एवढाच या लेखामागील हेतू.

बोजा म्हणजे काय?

सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या सदरात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नोंदलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. जमीन शेतकऱ्याच्या ताब्यात असते, पीकही तोच काढतो; परंतु कर्ज फिटेपर्यंत त्या जमिनीवर धनकोचा हक्क चढलेला असतो. वाहनाच्या बाबतीतही नेमके हेच घडते. बँकेकडून कर्ज काढून गाडी घेतली, की गाडी आपल्या दारात उभी राहते, पण ती बँकेकडे 'नजरगहाण' असते. ताबा आपला, तारण त्यांचे. भाडेखरेदीच्या, म्हणजे हायर-पर्चेसच्या करारात तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालकीच अर्थपुरवठा करणाऱ्या कंपनीकडे राहते. व्यवहारात आपण या दोहोंना सरसकट 'एच.पी. चढलेली गाडी' म्हणतो.

यातील मर्म असे, की बोजा माणसावर नव्हे तर वाहनावर असतो. विक्रेता पैसे घेऊन निघून गेला तरी बोजा त्याच्याबरोबर जात नाही. तो गाडीबरोबर आपल्या दारात येतो. मालविक्री कायदा १९३० मधील कलम २७ चे तत्त्व हे, की विक्रेत्याजवळ जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क तो खरेदीदाराला देऊ शकत नाही. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये विकलेल्या मालावर खरेदीदाराला न सांगितलेला कोणाचा भार नाही, अशी विक्रेत्याची हमी गृहीत धरलेली आहे. म्हणजे फसवणूक झाल्यास विक्रेत्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. तथापि, दावा लावण्यासाठी विक्रेता सापडावा लागतो, आणि तो दुसऱ्या राज्यात असेल तर त्याला शोधण्यातच वर्षे जातात.

सीमा ओलांडताना माहिती मागे राहते

आपल्या जिल्ह्यातील एका तरुण सहव्यवसायी मित्राची हकिकत त्याच्या संमतीने, नावगाव टाळून येथे देतो. तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना थाटल्यावर रात्रीअपरात्री जाण्यायेण्यासाठी त्याने गोव्यातील एका गृहस्थांकडून साडेचार लाखांना जुनी मोटार घेतली. आर.सी.चे स्मार्ट कार्ड अस्सल होते. त्यावर कोणत्याही बँकेचे नाव नव्हते. विक्रेत्याने सह्या केलेले टी.टी. फॉर्म, विम्याची प्रत आणि दुसरी किल्ली हाती दिली. व्यवहार पूर्ण झाल्याच्या समाधानात मित्राने नाव बदलून घेण्याचे काम पुढे ढकलले. सुमारे सव्वा वर्षानंतर एका सकाळी दोन माणसे दवाखान्यात आली. त्यांच्याजवळ एका फायनान्स कंपनीचे कागद होते, आणि त्यांवर याच गाडीचा चासी नंबर होता.

घडले होते ते असे. मूळ मालकाने गाडी विकण्यापूर्वी काही महिने, आर.सी. हरवल्याची तक्रार देऊन दुय्यम प्रत काढली होती आणि त्या प्रतीच्या आधारे गाडी तारण ठेवून कर्ज उचलले होते. कर्जाची नोंद आर.टी.ओ.च्या दप्तरात रीतसर झाली होती. मित्राच्या हाती दिलेले कार्ड मात्र त्याआधीचे, म्हणजे 'हरवलेले' होते. कार्ड खरे होते, पण ते जुन्या काळाचे सत्य सांगत होते. गाडी परत मिळवण्यासाठी अखेर मित्राला दुसऱ्याच्या कर्जाचे एक लाख नव्वद हजार रुपये भरावे लागले. विक्रेत्याचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. पैशांपेक्षाही त्याला लागून राहिले ते निराळेच. चारचौघांदेखत दवाखान्यातून गाडी नेली गेली, त्या दिवशी प्रतीक्षागृहात बसलेल्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरविषयी काय समजूत करून घेतली असेल, हा प्रश्न त्याला बरेच दिवस सतावत होता.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना ही परिस्थिती अनोळखी नाही. 'सगळ्या लशी दिल्या आहेत,' असे आई मनापासून सांगते. कार्ड पाहावे तर त्यावर निराळेच दिसते. आणि आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत कधी तिसरीच नोंद असते. आईचा शब्द, हातातले कार्ड आणि मूळ नोंदवही या तीन गोष्टी जुळल्या, तरच आपण निश्चिंत होतो. वाहनाच्या बाबतीतही विक्रेत्याचा शब्द, हातातील आर.सी. आणि आर.टी.ओ.चे दप्तर ही तीन स्वतंत्र साधने आहेत. चौथे साधन म्हणजे खुद्द धनको. ज्याचे येणे आहे त्यालाच विचारणे, ही या साऱ्या तपासणीची गुरुकिल्ली होय.

कायद्याने दिलेले संरक्षण

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५१ हे बोजाविषयीचे मुख्य कलम आहे. भाडेखरेदी, भाडेपट्टा किंवा नजरगहाण यांपैकी कोणताही करार असेल तर त्याची नोंद आर.सी.वर केली जाते. त्यासाठीचा अर्ज नमुना ३४ मध्ये असतो. करार संपल्यावर मालक व धनको या दोघांच्या सह्यांनिशी नमुना ३५ सादर केला, की ती नोंद रद्द होते. यालाच आपण 'बोजा उतरवणे' म्हणतो. नोंद कायम असेपर्यंत धनकोच्या लेखी संमतीवाचून वाहन दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही. तसेच वाहन परराज्यात न्यायचे असेल, नवा क्रमांक घ्यायचा असेल, वाहनात फेरबदल करायचा असेल किंवा आर.सी.ची दुय्यम प्रत काढायची असेल, तरीही मालकाने आधी धनकोचा ना हरकत दाखला मागावा लागतो. आणि हप्ते थकल्यामुळे धनकोने वाहन ताब्यात घेतले, तर जुनी आर.सी. रद्द करवून ती स्वतःच्या नावे करून घेण्याची तरतूदही याच कलमात आहे. अर्थात, वसुलीसाठी दांडगाई करण्याचा अधिकार कोणत्याही धनकोस नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली याविषयी कडक शब्दांत समज दिलेली आहे. पण धनकोची पद्धत चुकली म्हणून त्याचे येणे बुडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

राज्याची सीमा ओलांडण्यासंबंधीची कलमे ४७, ४८ आणि ५० ही होत. नोंदणी देशभर ग्राह्य असली, तरी बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन दुसऱ्या राज्यात राहिले तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला नमुना २८ मध्ये मिळवावा लागतो. हा दाखला देण्यापूर्वी त्या कचेरीने वाहनचोरीची तक्रार नसल्याचा पोलिसांचा लेखी अहवाल घ्यावयाचा असतो आणि रस्ताकरासह शासनाची सर्व येणी भरली आहेत याची खातरजमा करावयाची असते. म्हणजे हा दाखला केवळ वाहन पलीकडे नेण्याचा परवाना नाही. वाहनाच्या इतिहासाची ती एक शासकीय छाननीच आहे. परराज्यातील वाहन घेणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोलाचा कागद नाही. म्हणून 'एन.ओ.सी. नंतर पाठवतो' असे म्हणणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

हस्तांतराच्या मुदतीही कायद्याने ठरवल्या आहेत. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि परराज्याच्या बाबतीत पंचेचाळीस दिवसांत कळवायचे असते. खरेदीदाराने तीस दिवसांत. माझ्या मित्राने त्या तीस दिवसांत अर्ज केला असता, तर बोजा तेव्हाच उघडकीस आला असता आणि विक्रेताही तोवर जाग्यावर असण्याची शक्यता होती.

दप्तर कोरे म्हणजे वाहन मोकळे नव्हे

आता केंद्र शासनाच्या 'वाहन' या संगणकीय दप्तरामुळे बराच प्रकाश पडला आहे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घातला, की नोंदणीची तारीख, विमा व फिटनेसची मुदत आणि वाहन गहाण आहे किंवा नाही ही नोंद दिसते. मालकाचे नाव तेथे पूर्ण दिसत नाही, पण आपल्या कामापुरती माहिती मिळते. अधिक खात्रीसाठी विक्रेत्याकरवी मूळ आर.टी.ओ.तून नोंदीचा अधिकृत उतारा मागवावा. आपल्या कर्नाटकात त्याला 'बी एक्स्ट्रॅक्ट' म्हणतात, महाराष्ट्रात 'आर.सी. पर्टिक्युलर्स' या नावाने तो मागतात. वर सांगितलेल्या प्रकरणात हा एक उतारा मागवला असता, तर सारे संकट टळले असते.

तथापि, या दप्तरालाही दोन मर्यादा आहेत. पहिली अशी, की कर्ज फिटूनही नोंद तशीच राहिलेली वाहने पुष्कळ आहेत. हप्ते संपले की मालक सुटकेचा श्वास टाकतो आणि नमुना ३५ कपाटात पडून राहतो. बँकेच्या ना हरकत दाखल्याला बहुधा ठरावीक मुदत असते. ती उलटली की पुन्हा नवा दाखला आणावा लागतो. अशा वाहनावर नोंद दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र बोजा उतरवण्याचे काम विक्रेत्याने करून द्यावे, आपण अंगावर घेऊ नये.

दुसरी मर्यादा अधिक धोक्याची आहे. कर्ज आहे, पण नोंदच नाही, असेही घडते. आपल्या सीमाभागात गावोगावी पतसंस्था आहेत; शिवाय ओळखीवर पैसे देणारे सावकारही आहेत. मूळ आर.सी. आणि सह्या केलेले कोरे टी.टी. फॉर्म ठेवून घ्यायचे आणि कर्ज द्यायचे, ही पद्धत अजून पुरती गेलेली नाही. असे कर्ज कोणत्याही दप्तरात दिसत नाही. म्हणून मूळ आर.सी. प्रत्यक्ष हाती घेतल्यावाचून, आणि ती दुय्यम प्रत असेल तर मूळ प्रत कशी व केव्हा गहाळ झाली हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. मूळ बीजक आणि गाडीबरोबर मिळालेल्या दोन्ही किल्ल्या मागाव्यात. विम्याची पॉलिसी नीट वाचावी. कर्जाऊ वाहनाच्या पॉलिसीवर धनकोचे नाव स्वतंत्र शेऱ्याने नोंदलेले असते. आर.सी.वर कोणाचे नाव नाही पण पॉलिसीवर एखाद्या कंपनीचे आहे, अशी विसंगती दिसली तर थांबावे. मागील दोन-तीन वर्षांच्या पॉलिस्या मागितल्या तर अधिक उत्तम.

चोरीच्या संशयासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वाहन ना हरकत दाखल्याची सोय उपलब्ध आहे. तसेच चासी व इंजिन क्रमांक कागदावरून वाचून न थांबता गाडीवर प्रत्यक्ष पाहावेत. ना हरकत दाखल्याच्या अर्जासोबत पेन्सिलने घासून काढलेला चासी क्रमांकाचा ठसा लागतोच; तो आपल्या डोळ्यांदेखत काढावा. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या, नव्याने रंग दिल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर किंमत कितीही कमी असो, नमस्कार करून परत यावे.

वाहन आणि त्यातील सामान

आता आमच्या फिरत्या दवाखान्याविषयी. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबीकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात दळणवळण फार कठीण होते. तेथील मुलांची तपासणी जागेवर करावी, यासाठी आतून सुसज्ज अशी जुनी गाडी घेण्याचे ठरले. नवी गाडी घेण्याइतका निधी नव्हता. महाराष्ट्रातील एका रुग्णालयाची गाडी पसंत पडली. आत तपासणीचे टेबल, ऑक्सिजनची व्यवस्था, मॉनिटर, इन्फ्युजन पंप आणि नवजात बालकासाठी ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर होता. सभासदांनी, त्यांच्या रुग्णांनी आणि गावातील काही व्यापाऱ्यांनी शंभर-दोनशे रुपयांपासून दिलेली ती वर्गणी होती. ती बुडाली असती, तर पुन्हा कोणाच्या दारात जाण्याचे तोंड राहिले नसते.

गाडीच्या आर.सी.वर एका बँकेचे नाव होते. रुग्णालयाने ते आधीच सांगितले होते आणि सुमारे तीन लाखांची बाकीही दाखवली होती. इथवर सारे सरळ होते. परंतु आमच्या समितीतील एका चार्टर्ड अकौंटंट मित्राने प्रश्न उपस्थित केला, की गाडीचा बोजा कळला, पण आतील यंत्रांचे काय? आर.सी.वर नोंदली जाते ती गाडी. इनक्युबेटर आणि मॉनिटर यांची नोंद तेथे नसते. रुग्णालये यंत्रसामग्रीसाठी स्वतंत्र कर्जे काढतात आणि त्या कर्जांना अस्तित्वात असलेली व पुढे येणारी सर्व यंत्रे तारण असतात. ज्या वाहनाचा सांगाडा एक आणि आतील साज निराळा, मग ती रुग्णवाहिका असो, फिरती प्रयोगशाळा असो वा राहण्याची सोय असलेली कॅरॅव्हॅन, तेथे बोजे दोन असू शकतात, हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

ते रुग्णालय प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७७ नुसार कंपनीने आपल्या मालमत्तेवर निर्माण केलेल्या बोजाची नोंद कंपनी निबंधकांकडे करावी लागते आणि ती नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आमच्या मित्राने ती पाहिली, तेव्हा दुसऱ्याच एका बँकेचा सर्व वैद्यकीय यंत्रांवर बोजा असल्याचे आढळले. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना हे ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास आहे. त्यांच्या दृष्टीने ती 'गाडीबरोबरची यंत्रे' होती. विक्रेता भागीदारी संस्था, न्यास किंवा एखादी व्यक्ती असेल तर कंपनी निबंधकांकडे नोंद सापडणार नाही. तेथे 'सरसाई' या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या दप्तरात शोध घ्यावा. ही संस्था २०११ मध्ये सुरू झाली. प्रारंभी तेथे मुख्यतः स्थावर तारणांच्या नोंदी असत, २०१६ पासून यंत्रसामग्रीसारख्या जंगम वस्तूंच्या नजरगहाणाची नोंदही तेथे होऊ लागली. नाममात्र शुल्कात सर्वसामान्य माणसाला शोध घेता येतो. दवाखान्यासाठी जुने सोनोग्राफी यंत्र किंवा डेंटल चेअर घेणाऱ्या सभासदांनाही ही माहिती उपयोगी पडेल.

आम्ही दोन्ही बँकांशी लेखी पत्रव्यवहार केला. पहिल्या बँकेने त्या तारखेपर्यंतची अचूक बाकी कळवली. दुसऱ्या बँकेने यंत्रांची अनुक्रमांकांसह यादी मागवली आणि त्या यादीपुरता आपला बोजा सोडत असल्याचे पत्र रुग्णालयाला व आम्हाला दिले. यात दोन महिने गेले. सभासदांपैकी काहींचा धीर सुटत होता. 'एवढे काय कागद-कागद करता, डॉक्टर लोकांचाच तर व्यवहार आहे,' असेही ऐकावे लागले. व्यवहार सज्जनांशी होता यात शंका नाही; परंतु आपल्याला कागद हवा होता तो रुग्णालयाच्या सज्जनपणाचा नव्हे, तर बँकेने आपला हक्क सोडल्याचा.

पैसे कोणाला आणि केव्हा

माझ्या मते संपूर्ण संरक्षण पैसे देण्याच्या क्रमात आहे. बाकी तीन लाख असेल आणि किंमत आठ लाख ठरली असेल, तर आठ लाख विक्रेत्याच्या हाती देऊन 'तुम्ही बँकेत भरा' असे सांगू नये. धनकोने लेखी कळवलेली रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरावी, पावती आपण घ्यावी आणि उरलेल्या रकमेतील थोडासा भाग विसार म्हणून द्यावा. कर्ज फिटल्याचे पत्र, ना हरकत दाखला आणि सहीशिक्क्यांसह नमुना ३५ हाती आल्यावर, दप्तरातील बोजा उतरल्याची खात्री करून मग मोठा हप्ता द्यावा. नमुना २८ मधील दाखला आपल्या आर.टी.ओ.च्या नावे, म्हणजे येथे बेळगावच्या नावे आहे ना, हे वाचून पाहावे आणि तो मिळाल्यावरच शेवटची रक्कम चुकती करावी. सर्व देणी बँकेमार्फत असावीत. कायद्यात धनकोने सात दिवसांत व आर.टी.ओ.ने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास दाखला दिला असे मानण्याची तरतूद आहे. परंतु अशा मूक संमतीच्या भरवशावर लाखो रुपये देणे शहाणपणाचे नाही.

व्यापाऱ्याकडून गाडी घेणार असाल, तर तो अधिकृत आहे का ते पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यांना आर.टी.ओ.चे अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने वाहन त्यांच्या स्वाधीन केल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये दिली जाते आणि त्यानंतर तो व्यापारी त्या वाहनाचा मानीव मालक ठरतो. असा व्यापारी असेल, तर निदान जबाबदार कोण हे तरी निश्चित राहते.

विक्रेत्यांसाठीही दोन शब्द

आपल्यापैकी अनेक जण गाडी विकणारेही असतात. सह्या करून फॉर्म दिले आणि गाडी गेली, म्हणजे आपण सुटलो असे समजू नये. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात एक मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. पुढे तिच्यामुळे अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला, की दप्तरात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. विम्याच्या बाबतीतही हस्तांतरानंतर चौदा दिवसांत खरेदीदाराने पॉलिसी आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. विक्रेत्याचा 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर जात नाही, तो विक्रेत्याचाच राहतो.

परदेशातील मुलांसाठी

आपल्या घरोघरीची मुले अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत आणि तेथे जुन्या गाड्या, कधी ट्रकवर बसवलेले कॅम्पर घेतात. अमेरिकेत वाहनाच्या 'टायटल'वर धनकोचे नाव असते. कॅनडात निराळे आहे. तेथे बोजाची नोंद वाहनाच्या नोंदणीपत्रावर नसून प्रत्येक प्रांताच्या स्वतंत्र तारण-दप्तरात असते आणि वाहनाच्या अनुक्रमांकावरून तेथे शोध घ्यावा लागतो. वाहन ज्या ज्या प्रांतांत राहिले, त्या प्रत्येक प्रांताचे दप्तर पाहावे लागते. क्युबेकचे तर नावही निराळे आणि पद्धतही. सीमेपलीकडून वाहन आणताना एकीकडचे कागद पाहून समाधान मानू नये, आणि ट्रक व त्यावरील कॅम्पर यांची चौकशी वेगवेगळी करावी, हे त्यांना अवश्य कळवावे. आमच्या गाडीने आम्हाला शिकवले तेच तेथेही लागू आहे.

थोडक्यात

१. 'वाहन' दप्तरात क्रमांक पाहावा, मूळ आर.टी.ओ.चा अधिकृत उतारा मागवावा.
२. आर.सी. मूळ आहे की दुय्यम, हे विचारावे. विमा पॉलिसीवर धनकोचे नाव शोधावे.
३. चासी व इंजिन क्रमांक गाडीवर पाहावेत. ठसा समक्ष घ्यावा.
४. आत यंत्रसामग्री असेल, तर तिचा बोजा स्वतंत्र तपासावा.
५. बाकी रक्कम धनकोकडून लेखी घेऊन थेट त्यालाच भरावी.
६. बोजा उतरल्याची नोंद आणि नमुना २८ मधील दाखला हाती आल्यावाचून शेवटची रक्कम देऊ नये.
७. तीस दिवसांच्या आत आपल्या आर.टी.ओ.त नाव व नवा क्रमांक यांसाठी अर्ज करावा. कराचा फरक भरावा आणि मूळ राज्यातील कराच्या परताव्याचीही चौकशी करावी.

या सर्व गोष्टींना वेळ लागतो, पण पैसा फारसा लागत नाही. आपल्या फिरत्या दवाखान्यावर आज केए-२२ ची पाटी आहे आणि त्याच्या आर.सी.वर संघटनेखेरीज दुसऱ्या कोणाचेही नाव नाही. महिन्यातून दोन रविवार ती गाडी जांबोटीच्या वाटेला लागते. तिला वाटेत अडवून 'ही आमची आहे' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही, ही निश्चिंती वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाची आहे. वाहन घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी संकोच न करता समितीशी संपर्क साधावा. आम्ही जमवलेले नमुने आणि पत्रांचे मसुदे कार्यालयात ठेवलेले आहेत.